साहेबांची खुर्ची

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. मित्रांनो, माझा हिरवा रंग आता उडाला आहे आणि उघडताना मी चांगलीच कुरकुरते. तरीही कोणी मला साधी खुर्ची म्हटले की राग येतो. मला खास महापालिकेच्या साहेबांसाठी विकत आणले होते!

कसबा पेठेतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. रंग पुरता वाळायच्या आतच सीताराम गायकवाड यांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधले आणि विश्रांतवाडीला नेले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला हिरवा डाग पडला. त्यांच्या बायकोने, कांताबाईंनी, तो आठवडाभर घासला.

तेव्हा देशात नव्या कंपन्या येत होत्या, दुकानांत रंगीत टीव्ही मांडले जात होते. आमच्या गल्लीत हाती चार पैसे आले की लोक विटा आणून घर चढवत. परवानगीचे नावही कोणी काढत नसे. सीतारामांचे मात्र वेगळे होते. लहानपणी त्यांची झोपडी पाडायला माणसे आली, तेव्हा आईने चुलीवरचा तापलेला तवा तसाच उचलून रस्त्यावर ठेवला होता. ते कधीच विसरले नाहीत. "माझं घर पाडायला कुणी येता कामा नये," एवढेच ते म्हणत.

मंजूर नकाशा मिळाला आणि घराचे जोते, म्हणजे भिंतींखालचा ओटा, बांधून झाले. आता काम थांबवायचे. साहेबांनी येऊन जोते नकाशाशी ताडून पाहायचे, दाखला द्यायचा आणि मगच भिंती चढवायच्या. साहेब आले की त्यांना बसवायचे कशावर? म्हणून मी! मला त्या जोत्यावर मांडले. दुसऱ्या कोणाला माझ्यावर बसू देत नसत. शेजारी येता-जाता विचारत, "काय सीतारामभाऊ, साहेब आले का? की नुसती खुर्चीच राहणार आहे या घरात?"

बऱ्याच दिवसांनी साहेब आले. मी ताठ उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मोजायची फीत लावली, नकाशा पाहिला आणि म्हणाले, "अहो, नकाशा भिंतीवर टांगायला काढला होता का? जोतं रस्त्याच्या बाजूला सरकलंय. पुढे मोकळी जागा कमी पडते. दाखला मिळणार नाही."

सीतारामांचा चेहरा उतरला. सर्जेराव गवंडी खाली मान घालून म्हणाला, "मागच्या भिंतीत वहिनींचा शेवगा येत होता. म्हणून मी दोरी हातभर पुढं घेतली."

तो शेवगा कांताबाईंनी पत्र्याच्या खोलीत राहायला आल्या दिवशी लावला होता. त्याच्या शेंगांवर त्या घराने कितीतरी जेवणे केली होती. कांताबाईच म्हणाल्या, "अहो, झाड काढा. घर राहिलं पाहिजे." आणि त्या रडल्या. मलाही फार वाईट वाटले.

झाड तोडण्याआधी कांताबाईंनी त्याची एक फांदी कापली आणि पुढच्या मोकळ्या जागेत, जिथे भिंत कधीच येणार नव्हती तिथे, खोचली. जोते फोडून मागे घेतले. साहेब पुन्हा आले. "आता बरोबर आहे," म्हणाले आणि उभ्या उभ्याच गेले. पुढे भिंती चढल्या, भोगवटा पत्र, म्हणजे घरात राहायचा दाखला, मिळाले, भंतेजींनी येऊन वंदना घेतली. मी मात्र कोरीच राहिले.

वर्षे गेली. गुबगुबीत सोफा आला आणि मी गच्चीवर गेले. ऊन, पाऊस, गंज. सीताराम होते तोवर अधूनमधून फडके मारत. ते गेले आणि तेही थांबले. त्यांची मुलगी आम्रपाली संगणकाच्या कंपनीत लागली होती. वरचा मजला बांधायचे ठरले, तेव्हा तिने घरी बसल्या बसल्या परवानगीचा अर्ज केला आणि गच्ची मोकळी करायला भंगारवाल्याला बोलावले.

"आई, ही मोडकी खुर्ची देऊन टाकू?"

"साहेब येऊन जाऊ देत," कांताबाई म्हणाल्या आणि मला खाली अंगणात, शेवग्याच्या सावलीत मांडायला लावले.

पाहणीला एक तरुण इंजिनिअर आला. हातातल्या यंत्राने भिंतीवर लाल ठिपका टाकून त्याने मापे घेतली, नकाशा पाहिला, पुन्हा मापे घेतली. "आजी, या गल्लीत नकाशाप्रमाणे बांधलेलं घर मी पहिल्यांदाच पाहतोय," तो म्हणाला आणि घाम पुसत सरळ माझ्यावर बसला. मी कुरकुरले, पण मोडले नाही.

कांताबाई लगबगीने आत गेल्या. भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? साहेब बसले."

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा परवानगी घेऊनच बांधा. आणि एखादी जुनी खुर्ची भंगारात देण्याआधी, ती कोणासाठी आणली होती, तेवढे घरात विचारा.