तीन ओळींचं इंग्रजी

मी बाइंडर आहे. वाचनालयांची फाटकी पुस्तकं उसवायची, घडी घातलेल्या पानांचे फर्मे नीट लावून पुन्हा शिवायचे, वर नवा पुठ्ठा चढवायचा, हे माझं काम. इंग्रजी मी कुठल्या मास्तरांकडे शिकलो नाही. खळ वाळेपर्यंत हातातलं पुस्तक वाचायचं, एवढीच माझी शाळा. शब्दकोश उघडायचा नाही, असा माझा नियम होता. एखादा वाक्प्रचार अडला की मागच्या-पुढच्या चार ओळी वाचायच्या, अर्थ झक मारत बाहेर येतो. एक गडी दहा वाजता 'हिट द सॅक' करतो. मला वाटलं, पोत्याला बुक्की मारली. पण पुढच्या ओळीत तो घोरत होता. एका बाईनं फौजदारासमोर 'स्पिल द बीन्स' केलं. सांडलेल्या बिया कुणी गोळा केल्या नाहीत, फौजदारानं मात्र वही उघडून तिचा जबाब लिहून घेतला. मग कळायला काय लागतं?

बाइंडिंगच्या कारखान्यातले मला 'साहेब' म्हणायचे. अर्थात चिडवायला. मी मात्र ते खरं धरून बसलो होतो. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, आणि आमच्या घरात तर इंग्रजीपुरती ती गाय मी एकटाच होतो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच माझं सगळं केलं. माझ्याच गल्लीत ती शाळांचे गणवेश शिवते. दाजी दूर बोगद्याच्या कामावर होते, दोन दिवसांच्या प्रवासावर. तिथं त्यांच्या छातीचं दुखणं बळावलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं, एवढं आम्हाला कळलं होतं. मग एक दिवस डॉक्टरांचं पत्र आलं, इंग्रजीत. ताई ते पदराखाली धरून थेट कारखान्यात आली. तिला एकच गोष्ट ठरवायची होती, आज निघायचं की हातातलं काम पुरं करून निघायचं.

पत्रात तीन ओळी होत्या. पहिलीत दाजी 'कम्फर्टेबल' आहेत. दुसरीत, करण्यासारखं सगळं आम्ही केलं आहे. तिसरीत, 'इट इज ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम नाऊ'. ही तिसरी ओळ बघून माझी कळी खुलली. कारण ती मला भेटलेली होती. एका मुष्टियोद्ध्याच्या कादंबरीत त्याचा गुरू म्हणतो, हा पोरगा अजिंक्य होणार, ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम. आणि चाळीस पानांनी तो होतो. मरणाचं इंग्रजीही मला येत होतं. इंग्रजीत माणूस गेला की बादलीला लाथ मारतो. पत्रात बादली कुठंच नव्हती.

"ताई, दाजींना आराम पडलाय," मी म्हणालो. "करायचं ते सगळं करून झालंय. आता फक्त वेळेचा प्रश्न आहे."

"म्हणजे रे?"

"म्हणजे वेळ लागेल. अशा दुखण्यात घाई करून चालत नाही."

"मग मी आजच निघू का?"

"गणवेश किती राहिलेत?"

"कॉलरी लावायच्यात. आठ दिवसांचं काम आहे."

"ते उरकून घे. मग निवांत जा आणि महिनाभर राहा त्यांच्याजवळ. अर्धं टाकून गेलीस तर जीव इकडंच राहील तुझा."

ती हसली. "तू होतास म्हणून कळलं बाबा," म्हणाली. शेजारी कागद कापणारा कटाईवाला ऐकत होता, म्हणून मी ते पत्र जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा इंग्रजीत वाचून दाखवलं. ही गोष्ट लिहायची लाज वाटते, पण वाचलं.

नवव्या दिवशी ताईची पिशवी भरून दाराशी होती. तेवढ्यात बोगद्यावरचा मुकादम आला. दाजी जाऊन पाच दिवस झाले होते. तिकडंच सगळं उरकलं होतं.

दीड महिना गेला. एका दुपारी माझ्याकडे पाठ निखळलेली एक जाड कादंबरी आली. तिच्यात एक म्हातारा खाटेवर पडलेला, श्वास घरघरतोय, डॉक्टर बाहेर येऊन दबक्या आवाजात म्हणतात, ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम. मी सवयीनं मागच्या चार ओळी वाचल्या, पुढच्या चार वाचल्या. पुढच्या पानावर म्हातारा गेला. खळीचं भांडं कलंडलं, तरी मी तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी ताईकडे गेलो. कसं सांगायचं ते ठरत नव्हतं, खरं तर सांगायचंच नाही असं निम्म्या वाटेत ठरलं होतं. पण तिनंच विषय काढला.

"बरं झालं आलास. मला एक पत्र लिहून दे, इंग्रजीत. कडक लिही. आराम पडलाय म्हणून कळवता आणि चार दिवसांत माणूस जातो कसा? डॉक्टरनं फसवलं मला. मी सोडणार नाही त्याला."

तिनं डॉक्टरांचं पत्र माझ्यापुढं ठेवलं. आता गप्प बसायचं तर त्या भल्या माणसाला माझ्याच हातानं शिव्या लिहायच्या होत्या.

"ताई, त्यानं नाही फसवलं," मी म्हणालो. "मी चुकीचं वाचलं." आणि मुष्टियोद्धा, म्हातारा, सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मशीनवर अडकलेला दोरा तिनं सोडवला, कातरीनं तोडला.

"म्हणजे ते वाट बघत होते," ती म्हणाली. "मी इथं कॉलरी लावत बसले, आणि ते वाट बघत होते."

मला रडू आवरेना. तिनं मला पाणीही दिलं नाही, गप्प राहा असंही म्हणाली नाही. मग तिनं विचारलं, "त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याची माणसं पोचली होती का?"

पोचली होती. धाकट्या मुलीनं हात धरला होता. तो भाग मी दोनदा वाचला होता.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच पोचलं नाही."

लहानपणी माझी थाप पकडल्यावर बघायची, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुझं हेच चुकतं," ती म्हणाली. "समोरच्याला बरं वाटेल तेवढंच तू वाचून दाखवतोस. ते पत्र घे. आता लिहिलंय तसं वाच."

मी पत्र उचललं. "त्यांना आता त्रास जाणवत नाही. आमच्या हातात काही उरलेलं नाही. आता ते कधीही जातील."

"'लवकर या' असं लिहिलंय का त्यात?"

"नाही, लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "पण तिन्ही ओळींचा अर्थ तोच आहे."