आईची मान आणि बाजूचं दार

ही १९७२ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या गावच्या विद्यापीठाला एकाएकी आमची आठवण झाली. दर गुरुवारी संध्याकाळी साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर जाहीर व्याख्यान, सर्वांना मुक्त प्रवेश, नंतर चहा-बिस्किटं, असा कागद पोस्टाच्या भिंतीवर लागला. तोवर विद्यापीठ म्हणजे आमच्या लेखी एक उंच भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी झाडं. आत काय चालतं ते आम्ही कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे घर आणि वरच्या खोलीत भाडेकरू. "ज्ञान फुकट वाटायला लागलेत म्हणजे माल खपत नसणार," असं म्हणून बाबांनी विषय मिटवला. आईनं मात्र ठेवणीतले बूट काढले आणि मला म्हणाली, "चल गं, बघून येऊ. नाही आवडलं तर बिस्किट खाऊन परत."

मागे बसलं की तिला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ती थेट पहिल्या रांगेत मधोमध बसली. आणि तिथे तिची जुनी सवय कामाला आली. कुणी बोलायला लागलं की आई त्याच्याकडे बघून मान डोलवायची. दुकानात गिऱ्हाईक अडकलेल्या बटणाची तक्रार सांगत असलं तरी डोलवायची, मग व्याख्यात्यांना काय सोडते! सनावळीला बारीकशी, 'म्हणूनच' आलं की मोठी, आणि विनोद येतोय असं दिसलं की आधी भुवया वर आणि मग मान. महिन्या-दोन महिन्यांत असं झालं, की व्याख्याते मंचावर चढले की आधी आई आलीय का ते बघत. बाहेरगावच्या एका इतिहासकारांनी तर चहाच्या वेळी तिला अदबीनं विचारलं, "आपण कोणत्या विभागात?"

"टाइपरायटर दुरुस्ती," आई म्हणाली, आणि त्यांच्यापुढे बिस्किटं केली.

बाबा घरी चिडवायचे. "कळतं का त्यातलं काही?"

"सगळं कुठलं कळायला? निम्मं कळतं. पण तो बिचारा जीव तोडून सांगत असतो आणि समोर सगळी माणसं पोत्यासारखी बसलेली. कुणीतरी 'हं, मग पुढे?' म्हणायला नको?"

"म्हणजे बंद पडलेल्या गाडीला धक्का मारतेस."

"मारते. तुमचं काय जातंय?"

आमचे वरचे भाडेकरू त्याच विद्यापीठात साहित्य शिकवायचे. वयानं तिशीच्या आत, अंगानं काडी, आणि आवाज असा की ओठांतून निघून थेट सदऱ्याच्या कॉलरमध्ये पडायचा. बाबांनी त्यांचं नाव 'पुटपुटे' ठेवलं होतं. आई त्यांना मास्तर म्हणायची. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचं पहिलं जाहीर व्याख्यान झालं तेव्हा ते हातातल्या कागदांत तोंड घालून जे बसले, ते वर आलेच नाहीत. माणसं एकेक करून उठली. शेवटी आई, मी, शेजारच्या वहिनी आणि मास्तरांचे विभागप्रमुख एवढेच उरलो. वहिनी बिस्किटांसाठी थांबल्या होत्या. विभागप्रमुख डोळे मिटून ऐकायचे, त्यामुळे ते थांबले होते की झोपले होते हे कुणालाच कळलं नाही. त्या दिवशी जिन्यात मास्तर आईला म्हणाले, "काकू, तुम्ही होतात म्हणून शेवटच्या पानापर्यंत पोचलो."

मास्तरांची नोकरी तात्पुरती होती. विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून सांगितलं, की उन्हाळ्याआधी आणखी एक जाहीर व्याख्यान द्या. लोक शेवटपर्यंत बसले तर पुढच्या वर्षी ठेवून घेऊ, नाहीतर तुम्ही दुसरीकडे बघा. मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी विषय निवडला 'गोष्टींमधली दारं'. गोष्टीत दार कोण ठोठावतं, कोण उघडतं, कोण बाहेरच राहतं. रात्रंदिवस ते वर येरझारा घालायचे, आणि खाली आमच्या छताची भुकटी बाबांच्या ताटात पडायची. "ह्याची नोकरी टिकली नाही तरी चालेल, छत टिकू दे," बाबा म्हणायचे.

"काकू, तुम्ही याल ना?" मास्तरांनी आदल्या दिवशी विचारलं.

"न येऊन सांगते कुणाला! पहिल्या रांगेत, मधोमध."

आणि व्याख्यानाच्या दिवशी सकाळी आई आणि मी पुढच्या खोलीचा जाड पडदा पिळायला घेतला. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. पिळता पिळता आई एकदम "आई गं!" म्हणाली आणि तशीच उभी राहिली. तिची मान उजवीकडे वळली होती, ती वळलेलीच राहिली. सरळ होईना, खाली होईना, डोलायचं तर नावच नको.

बाबा दुकानातून धावत आले. "पडदा पिळलात की मान?"

"हसू नका. आज मास्तरांचं व्याख्यान आहे."

"मग जाऊ नकोस."

"न जाऊन कसं चालेल? तो समोर बघणार, खुर्ची रिकामी. तिथेच बसेल खाली. आणि हे बघा, त्याला कुणी सांगायचं नाही. आधीच तो रात्ररात्र येरझारा घालतोय."

वैद्यबाईंनी झणझणीत वासाचं मलम दिलं आणि मफलर गुंडाळायला सांगितला. आईनं दुपारी वहिनींना बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आमची तालीम सुरू झाली. आईऐवजी डोलवायचं काम आता आम्हा दोघींचं. बाबांनी व्याख्याता व्हायचं. त्यांनी टाइपरायटरच्या फितीच्या डब्यावर छापलेल्या सूचना गंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली.

"वहिनी, इतक्या भराभर नको," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "वाक्य संपू द्या."

"संपलं कुठे हे कळतं कसं?"

"तो श्वास घेतो ना, तेव्हा."

बाबा पाणी प्यायला थांबले. वहिनींनी जोरात मान हलवली.

"अहो वहिनी, पाण्याला नाही डोलवायचं!" बाबा म्हणाले. "मी काय पाण्यातून विचार मांडतोय?"

संध्याकाळी आम्ही तिघी पहिल्या रांगेत बसलो. मास्तर सकाळपासून ग्रंथालयात होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. हॉल निम्मा भरला होता. बाजूच्या खुर्चीत विभागप्रमुख बसले आणि त्यांनी लगेच डोळे मिटले.

मास्तर उभे राहिले, कागद सरळ केले, पुटपुटले. पहिलं पान संपताना त्यांनी सवयीनं वर बघितलं. डाव्या बाजूला मी, मला एवढी धास्ती बसली होती की मान हलवायचं सुचेचना. उजव्या बाजूला वहिनी, त्या शिवणयंत्राच्या सुईसारखी मान खालीवर करत होत्या. आणि मधोमध आई, गळ्याभोवती मफलर, आणि तोंड पूर्ण उजवीकडे, भिंतीतल्या बाजूच्या दाराकडे.

मास्तर अडखळले. पुढचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पुन्हा वर बघितलं. आई दाराकडेच. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी छत्री उचलली. ही उठण्याची तयारी होती, हे मला पाठीमागे न बघताही कळलं. आई ओठ न हलवता पुटपुटली, "अगं डोलव ना!" मी डोलवली. पण मास्तर माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईकडे बघत होते, आणि मग आई जिकडे बघत होती तिकडे बघायला लागले. एकदा आईकडे, एकदा दाराकडे.

मग त्यांनी कागद ठेवले, मंचावरून खाली उतरले आणि चालत बाजूच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. आता ते बरोबर आईच्या नजरेसमोर होते. आईला मान हलवता येईना, म्हणून तिनं भुवया वर केल्या.

"हे बघा," मास्तर म्हणाले, आणि आमच्या डोक्यावर इतके महिने राहिलेल्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. "एवढा वेळ मी दारांबद्दल बोलतोय आणि दार इथे आहे. तुम्ही सगळे आत आहात. आता मी फक्त कडीला हात लावतो." त्यांनी हात लावला. हॉलमधल्या सगळ्या माना उजवीकडे वळल्या. "काही झालेलं नाही. तरी तुम्ही बघायला लागलात. कारण प्रत्येकाला वाटतं, बाहेर कुणीतरी आहे. गोष्ट इथे सुरू होते."

छत्री उचलणाऱ्यानं छत्री खाली ठेवली. मास्तर बोलत राहिले. कुणी दार उघडायला घाबरतं, कुणी ठोठावल्याशिवायच उघडून बसतं. मध्येच ते शब्द विसरले, कपाळ चोळलं, आणि "आठवेल तेव्हा सांगतो" म्हणून पुढे गेले. लोक हसले. विभागप्रमुखांनी एक डोळा उघडला.

"आणि समजा," मास्तर शेवटाकडे येत म्हणाले, "आपण धीर केलाच आणि दार उघडलं..."

त्यांनी झोकात दार उघडलं. बाहेर बाबा उभे होते, हातांना शाई, आणि छातीशी धरलेली गरम पाण्याची पिशवी.

मग जो हशा पिकला तो थांबेना. मास्तरांची बोबडी वळायला हवी होती, पण ते बाबांकडे बघून वाकले आणि म्हणाले, "या. तुमचीच वाट बघत होतो."

"मी आपला हिच्यासाठी..." बाबा म्हणाले, आणि टाळ्यांमध्ये त्यांचं पुढचं ऐकूच आलं नाही. एकही माणूस उठून गेला नव्हता. विभागप्रमुखांनी दुसरा डोळाही उघडला, मास्तरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीचा विषय लवकर कळवा." माझा जीव भांड्यात पडला. आईनं पिशवी मानेला लावली.

जिन्यात मास्तर तिच्यापाशी थांबले. "काकू, तुम्ही दाराकडे बघून सुचवलंत म्हणून."

आईनं माझ्या पायावर पाय दिला. "सुचलं तुम्हालाच," ती म्हणाली.

रात्री जेवताना बाबा सहज म्हणाले, "त्याचं एक पटलं बरं का. दार ठोठावणाऱ्याला वाटतं, आतले सगळे आपल्याबद्दलच बोलतायत."

"हे तर तो दारापाशी गेल्या गेल्या म्हणाला," आई म्हणाली. "तुम्ही तर नुकतेच आला होतात ना?"

"मीठ दे," बाबा म्हणाले.

विभागप्रमुख काही वर्षांनी निवृत्त झाले, तरी गुरुवारी मागच्या रांगेत येऊन डोळे मिटायचे. एकदा घोरले, तेव्हा जुना संशय फिटला. वहिनींनी मान डोलवणं कायमचं सोडून चहाची व्यवस्था हातात घेतली आणि पुढे लेकीकडे राहायला गेल्या. बाबा दर गुरुवारी आईला 'न्यायला' येऊ लागले, आणि दर वेळी जरा आधी. शेवटी खुर्चीत बसायला लागले. टाइपरायटरचे दिवस संपले, दुकान बंद झालं, मग तर ते प्रश्नही विचारायचे, आणि ते व्याख्यानापेक्षा लांब असायचे.

मी पुढच्या वर्षी तिथेच नाव घातलं आणि शिकून विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागले. मास्तरांबद्दल माझ्या मनात काही होतं का, असं नाती विचारतात. होतं थोडं. पण त्यांनी एका खणखणीत आवाजाच्या वकीलबाईंशी लग्न केलं, आणि त्या दोघांचं भांडण ऐकल्यावर माझं समाधान झालं, की तिथे माझा निभाव लागला नसता. ते दुसऱ्या गावी मोठे प्राध्यापक झाले. भाषणांत ते सांगायचे, की एका बाईंनी नुसत्या नजरेनं मला शिकवलं. ते पेपरात वाचलं की बाबा खदखदून हसायचे, आणि आई म्हणायची, "तोंड उघडाल तर बघा."

म्हातारपणी आईची मान आपोआप हलायला लागली. थांबायची नाही. बाबा म्हणायचे, "जन्मात पहिल्यांदा माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतेय." मास्तर तिला भेटायला आले, आपलं नवं पुस्तक घेऊन. तिच्या खुर्चीसमोर बसून त्यांनी एक प्रकरण वाचलं, मोठ्यानं, स्वच्छ. आई सगळा वेळ डोलत होती. प्रकरण संपलं तेव्हा तिला राहवेना.

"मास्तर, आता सांगून टाकते. ही मान मी हलवत नाही, आपली हलते. आणि त्या दिवशी मी काही सुचवलं नव्हतं हो. मान आखडली होती."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "काकू, त्या दिवशी मलमाचा वास जिन्यापर्यंत येत होता."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही कुठे बोललात?"

आई हसली. मग तिनं बाबांकडे हात केला, की मानेला लावलेल्या पिशवीतलं पाणी गार झालंय, आणि मास्तरांना म्हणाली, "ते दुसरं प्रकरण केवढं आहे? वाचा की. आज कुठे जायचंय तुम्हाला?"