रबरावरची तांबोशी

मुलुंडच्या चंद्रप्रकाश पेडणेकरला खोल समुद्रातला मासा धरायचा होता, आणि तोही रबराच्या खोट्या माशाने. विमा कंपनीत जन्मभर लोकांना म्हातारपणाची भीती घातलेला माणूस स्वतः म्हातारपणाकडे झुकला, की त्याच्या डोक्यात काय शिरेल याचा नेम नसतो.

रबरी माशांचं सगळं ज्ञान त्याने मोबाइलवर मिळवलं होतं. पसरट शेपटीचा कुठला, गुलाबी कधी, चमकी कधी, तळाला पोचायला किती जड शिशाचं डोकं जोडायचं, हे तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटे. त्या रबरांतली काही तर लसणाच्या वासाची होती. बायको सुलक्षणाने एकदा पुडी हुंगली आणि म्हणाली, "फोडणी झालीच आहे. आता मासा तेवढा आणा."

ते त्याला लागलं. सुलक्षणाचं माहेर देवगडकडचं. त्या घराण्यात माणसाची लायकी त्याने आणलेल्या माशावरून ठरते, आणि जावयाने लग्नापासून आणलेल्या प्रत्येक माशाला त्यांनी नाकं मुरडली होती. पुढे पुढे बाजारात मासा सुलक्षणा घ्यायची आणि हा मागे पिशवी धरून उभा. तिचा थोरला भाऊ देवेश, विक्रोळीहून जेवायला यायचा तो ह्याची टर उडवायलाच. रबरी मासा बोटांत धरून त्याने विचारलं होतं, "भावोजी, ह्या रबराक मासो गावता? मगे आमच्या बापाशीन जल्मभर गळाक खरी सुंगटा कित्याक लावल्यान?"

चंद्रप्रकाशला एकदाच, फक्त एकदाच, ह्या लोकांच्या तोंडून 'वा' ऐकायचं होतं. त्याने जाहीर करून टाकलं, "शनिवारी संध्याकाळी जेवायला या. मासा मी आणतो."

जोडीला होता वरच्या मजल्यावरचा धवल. त्याच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून गळाची काठी, रीळ सगळं गाडीच्या डिकीत. मासेमारी हा खेळ आहे, खाण्याशी त्याचा संबंध नाही, असं तो स्वतःला समजावत असे. घरी सांगून निघाला होता, आरेत पक्षी बघायला चाललोय.

मढच्या धक्क्यावरून सहदेव नावाच्या तांडेलाची बोट ठरवली होती. किनारा दिसेनासा झाला आणि धवल आडवा झाला. त्याच्या पोटातलं सगळं समुद्राला मिळालं. इकडे चंद्रप्रकाश कॅमेऱ्यासमोर एकेक पुडी फोडून प्रत्येक रबराचे गुण सांगत बसला. इतका बोलला, इतका बोलला, की मोबाइलने मान टाकली. तेव्हा कुठे गळ पाण्यात गेला.

शिसं तळाला टेकलं. त्याने काठी हळूच उचलली, सोडली, पुन्हा उचलली, आणि काठी कमानीसारखी वाकली. त्यापुढचं त्याला नीट आठवत नाही. हात भरून आले, तोंडातून नको ते शब्द गेले, आणि शेवटी पाण्यातून लालबुंद तांबोशी वर आली, तोंडात ते गुलाबी रबर. चंद्रप्रकाश ढसाढसा रडला. पोराच्या बारशालाही तो एवढा रडला नव्हता.

धवलने पडल्या पडल्या फोटो काढला आणि पुढच्याच क्षणाला ताडकन उठून बसला. "चंदूभाई, माझे फोटो घरच्या टीव्हीवर आपोआप येतात! मम्मीचं भजनी मंडळ बसलंय आज. वाट लागेल माझी!" किनाऱ्याची रेंज यायच्या आत त्याने फोटो पार पुसून टाकला.

"मासा आहे ना हातात," चंद्रप्रकाश म्हणाला. "फोटो कशाला हवा?"

धक्क्यावर उतरला तर समोर कोळीण विळी मांडून बसलेली. "कापून देऊ, दादा?" तिने विचारलं. इतकी वर्षं सुलक्षणामागे उभं राहून ऐकलेलंच तोंडी आलं. हा म्हणाला, "हो. तुकड्या कर, डोकं वेगळं ठेव." पिशवी हातात आल्यावर त्याला कळलं आपण काय करून बसलो ते. बाजारातून सगळं जग जशी आणतं तशीच काळी पिशवी.

घरी देवेश पिशवीत डोकावला आणि पोट धरून हसला. "समुद्रातली तांबोशी तुकड्या होऊनच वर येते काय, भावोजी?"

चंद्रप्रकाशने शिसं, तळ, काठी, सगळं सांगितलं. शपथ घेतली. शेवटी सुलक्षणाच्या फोनवरून धवलला लावला आणि आवाज मोठा केला. मागे टाळ वाजत होते. "कसली तांबोशी?" धवल म्हणाला. "मी तर आरेत पक्षी बघत होतो, चंदूभाई." आणि फोन बंद.

सुलक्षणाने तिरफळं घालून आमटी केली, तुकड्या तळल्या. पानं वाढली. पहिल्या घासाला देवेशचं हसू थांबलं. दुसरी तुकडी त्याने मागून घेतली, तिसरी न विचारता उचलली.

"अहो," सुलक्षणा काटा चोखत म्हणाली, "माहेर सुटल्यापासून अशी तांबोशी खाल्ली नव्हती. कुणाकडून घेतलीत?"

"मी खरंच सांगतोय गं, ती..."

"ता सोडा," देवेश म्हणाला. "गजाली पुरे. पण मासा काय निवडून आणलात, वा!"

ज्यासाठी एवढा अट्टहास केला तो 'वा' पानात येऊन पडला होता. आणखी एकदा समुद्राचं नाव काढलं असतं तर दोघंही हसली असती, आणि तो तसाच परत गेला असता. चंद्रप्रकाशने भात कालवला.

"मढला," तो म्हणाला. "धक्क्यावरच. कल्ले उघडून बघितले. आधी दोघीतिघींचा नाकारला."

"बघा, जमतं की तुम्हाला," सुलक्षणा म्हणाली. तिने तांबोशीचं मानाचं डोकं उचललं आणि ह्या घरात पहिल्यांदाच ते त्याच्या पानात वाढलं.

त्याला मनापासून आनंद झाला. त्या आनंदाची लाजही वाटली, पण त्याने आमटी पुन्हा मागितली.