उंबऱ्याच्या आतली स्पॅनिश

लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले आणि मला एक शोध लागला. या घरात सुनेच्या हातात पुस्तक दिसलं की तिला शेंगा फोडायला बसवतात, आणि पोथी दिसली की सगळे दबक्या पावलांनी चालतात. मग काय, स्पॅनिश गोष्टींचं पुस्तक मी लाल कापडात बांधलं आणि आंघोळ करून देवापुढं बसले. खोटेपणाचं मला आजही काही वाटत नाही. वाचायला दुसरी जागाच नव्हती.

पुण्यात मावशीकडं राहून मी स्पॅनिश शिकले होते. आमच्या बाई म्हणायच्या, छोट्या गोष्टी वाचा, मोठ्यानं वाचा, आणि संपली की गप्प बसून ती आपल्याला काय सांगून गेली ते बघा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा माल मेक्सिकोला जायचा. त्यांना स्पॅनिश बोलणारं माणूस हवं होतं. कोल्हापुरात असं काम पुन्हा निघणार नव्हतं, म्हणून अर्ज टाकून मी जिभेवरचा गंज काढत होते.

सासूबाईंना, म्हणजे झुंबरबाईंना, अक्षरओळख नव्हती.

"संस्कृत हाय व्हय गं?"

"जुनी भाषा आहे, आत्या."

"मग मोठ्यानं वाच की. आमालाबी पुण्य लागूदे. अध्याय किती हाईत?"

"बारा," मी म्हणाले. गोष्टी बाराच होत्या.

त्यांनी लगेच नारळ ठेवला, शेजारच्या तानाबाईंना हाक मारली आणि जाहीर केलं, "आजपासनं पारायण. रोज एक अध्याय. सगळं हुईस्तोवर हिनं उंबरा वलांडायचा न्हाई."

झालं! माझ्याच हातानं मी कडी घालून घेतली होती. रोज वाचायचं, मग बायकांना अर्थ सांगायचा. माझ्या तोंडून पावाची भाकरी झाली, पाद्र्याचा बुवा झाला. उच्चार मात्र सुधारत गेले, इतकी सक्तीची उजळणी पुण्यातही झाली नव्हती.

पाचव्या गोष्टीला फाउंड्रीतून फोन आला. गुरुवारी सकाळी मेक्सिकोचे साहेब येणार, मुलाखत तेच घेणार आणि दुपारी परत जाणार. मी सासूबाईंना सांगितलं.

"नोकरीला कोण नगं म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "पारायण झाल्यावर जा की. मधीच मोडलं तर घराला लागतंय."

दिवसाला दोन अध्याय वाचू का विचारलं, तर नेम मोडतो म्हणाल्या. नवऱ्याला, पृथ्वीराजला, बिद्रीच्या साखर कारखान्यात फोन केला. गळीत हंगाम, घाईत होता. "आईला विचार, मला मधी घेऊ नगंस." खरं सांगून टाकावं तर देवाची थट्टा केली म्हणून पुस्तक चुलीत गेलं असतं. रात्रभर मी नुसती चडफडत राहिले.

गुरुवारी सकाळी बायका जमल्या. त्या दिवशीची गोष्ट समुद्राकाठच्या इनेसची होती. मी तिला इंदू केलं. इंदूला परगावी काम मिळतं, बोट धक्क्याला लागलेली असते. सासू म्हणते, एवढं कापड विणून संपव आणि मग जा. कापड संपतं तेव्हा बोट गेलेली असते.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "जायाचं की गं तिनं! पाय काय बांधलं हुतं तिचं?"

"सासूनं जाऊ दिलं नाही, आत्या."

"जळ्ळी मेली तसली सासू!" त्या तडकल्या. तानाबाईंनीही मान डोलावली. मी सासूबाईंकडं बघत राहिले. त्या खरंच रडत होत्या.

इतक्यात फोन वाजला. मी उठायला गेले, तर त्यांनी खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतःच उचलला.

"व्हय, निशिगंधाचंच घर. न्हाई, ती न्हाई यायची आज. पोथीला बसलीया." फोन ठेवून त्या परत येऊन बसल्या.

"कोण होतं?"

"ते शिरोलीचं पावणं. सांगितलंय मी नीट." त्यांनी नाक पुसलं. "आता सांग, पुढं त्या पोरीचं काय झालं?"