सुप्रा जोतिबाला गेली तेव्हा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे आप्पांचं. उसाच्या ट्रकांचे टर्बो दुरुस्त करायचे. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडीला बळ देतो. बारावीनंतर मी तिथंच हात काळे करत होते. धाकटा भाऊ प्रभुलिंग मोबाईलच्या दुकानात कामाला होता. संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टात चहा प्यायला यायचा, आणि मी ट्रकखालून पाय बाहेर काढून पडलेली असताना गिऱ्हाइकं त्याला विचारायची, "मालक, काम कधी हुतंय?" तोही बिनदिक्कत सांगायचा, "परवा या."

२००५च्या पुरात शिरोळच्या उदयसिंहांची लाल सुप्रा छपरापर्यंत बुडाली. सत्त्याऐंशी सालची, जपानी, दोन दारांची, टर्बोवाली. त्यांच्या वडिलांनी ती बोटीवरच्या एका इंजिनिअरकडून हौसेनं घेतली होती. वडील गेले, गाडी शेडमध्ये राहिली, मग पूर आला. उसाच्या ट्रॉलीवर चढवून त्यांनी ती आमच्याकडं आणली. "दिसाया जुनी पायजे, पळाया नव्यापेक्षा चांगली पायजे," एवढंच म्हणाले.

आप्पांनी बॉनेट उघडलं, आतला गाळ बघितला आणि मला म्हणाले, "दानू, ही उभी केलीस तर गॅरेज तुझं. बोर्डावर दानेश्वरी लिवून घेतो."

मी सत्तावीस वर्षांची होते. बघायला येणारी माणसं माझी नखं बघून पोहे खायची आणि निघून जायची. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. मला नवरा नको होता, गॅरेज हवं होतं.

वर्षावर काळ गेला. इंजिनाच्या पोटातून गाळाबरोबर उसाचं पाचटसुद्धा निघालं. टर्बोकडं जाणारा लोखंडी बेंड, म्हणजे वाकडा पाइप, गंजून चाळण झाला होता. त्याचा लाकडी साचा मी स्वतः केला आणि शिरोलीच्या फाउंड्रीतून ओतून आणला. दोनदा त्यात हवेची भोकं राहिली, दोनदा तो परत वितळवायला लावला. फाउंड्रीवाले मला बघितलं की जेवायला पळायचे. मूळचा टर्बो तडकलेला, तसा दुसरा कुठं मिळेना. मग आप्पांनी भंगार बाजारातून ट्रकचा एक टणक टर्बो शोधून आणला आणि मी तो सुप्राला बसवला. गाडीला मूळच्यापेक्षा जास्त जोर आला. फक्त मूळच्या टर्बोला थंड ठेवायला पाणी फिरत होतं, ह्याला नुसतं तेल. म्हणजे पथ्य आलंच. गाडी दामटून आणली की लगेच बंद करायची नाही. जागेवर उभी करून थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर आतलं तेल थांबून जळतं आणि टर्बो धरतो, म्हणजे जाम होतो.

हे मला शिकवलं आप्पांनीच. मी लहान असताना ते म्हणायचे, "कुस्ती मारून आलेला पैलवान लगीच आडवा पडतो व्हय? हिंडतो, दम खातो, मग बसतो." जो ड्रायव्हर हे विसरायचा त्याच्या सात पिढ्यांचा ते उद्धार करायचे.

सुप्रा तयार झाली. कोल्हापुरात गाडी नवी असो की नव्यानं उभी केलेली, पहिली फेरी देवाकडं. रविवारी जोतिबाला जायचं ठरलं. उदयसिंहांच्या आई अंबूबाई नारळ, हार घेऊन जीपमधून आल्या. मी किल्ली घ्यायला हात पुढं केला तेव्हा त्या आप्पांना म्हणाल्या, "पयल्या फेरीला पोरगं बसवा. देवाकडं जायचंय."

आप्पांनी किल्ली प्रभुलिंगाला दिली.

"आप्पा, गाडी माझ्या हातची हाय," मी म्हणाले.

"येताना तू घे की," ते म्हणाले, आणि बंपरला लिंबू-मिरची बांधण्यात गुंतले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला प्रभुलिंगाला कधीच शिकवावं लागलं नाही. पण मी पथ्य सांगितलं ते त्यानं नीट ऐकून घेतलं.

तो आणि उदयसिंह सुप्रात, आम्ही मागून जीपमध्ये. घाटात वळणावळणाला टर्बोची शीळ वर चढत होती. राग होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. इतकं सुख मला दुसऱ्या कशानं झालेलं नाही.

वर पोचलो तर सुप्रा उभी होती आणि इंजिन चालू होतं. "तायडीनं सांगितलंय, लगीच बंद करायची न्हाय," प्रभुलिंग म्हणाला. पहिल्यांदाच मला त्याचं कौतुक वाटलं.

अंबूबाई नारळ घेऊन पुढं झाल्या. "देवाच्या दारात ही घरघर? इंजिन चालू ठिवून नारळ फोडत्यात व्हय?"

मी म्हणाले, "आईसाहेब, जरा थांबा. घाट चढून आलीया ती. दम खाऊ दे तिला."

"देवाला थांबीवतीस व्हय गं?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. आप्पा पुढं आले, खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना विसर पडला नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

नारळ फुटला, बॉनेटवर गुलाल पडला, जेवणं झाली. येताना मला गाडी द्यायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. उदयसिंह स्वतः बसले. घाट उतरून केर्लीच्या सरळ रस्त्याला लागल्यावर त्यांनी गाडी दाबली. मागं जीपमध्ये आम्हाला किंकाळीसारखा आवाज आला आणि पुढं सगळा निळा धूर झाला.

उदयसिंह खाली उतरले आणि आप्पांना म्हणाले, "शिवपुत्र, ह्ये काय?"

आप्पा बॉनेटकडं बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील.

"पोरीनं जोडलंय, दादा," ते म्हणाले. "ट्रकचा टर्बो घातला हिनं. मी नगं म्हणत हुतो."

अंबूबाईंनी मान हलवली. वड्याचं तेल वांग्यावर काढणारी माणसं मी खूप बघितली होती. आपला बाप त्यांतला निघावा, याची मला लाज वाटली. मी तिथंच सगळं सांगायला तोंड उघडलं, तर आप्पांनी नुसता हात वर केला. रस्त्यावर, गिऱ्हाइकासमोर, मला बापाला खोटं पाडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टर्बो उघडला. आतलं तेल जळून डांबर झालं होतं. मी तो ट्रेमध्ये घालून आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"बघा."

त्यांनी चष्मासुद्धा घातला नाही. "म्हाईत हाय मला."

"मग?"

"तू आज ना उद्या लगीन हून जाणार. खराब झालेलं नाव तुझ्यासंगं जाईल. गॅरेजला हितंच ऱ्हायाचंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरा टर्बो बघितलाय मी. तू घाल. प्रभूनं दुरुस्त केली म्हणून दादांना सांगतो."

मी तो घातला. गाडीनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. उदयसिंहांनी गॅरेजमध्ये येऊन प्रभुलिंगाच्या गळ्यात हार घातला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि घालून घेतला. बोर्ड रंगवायला आलेल्या माणसाला 'प्रभुलिंग'मधला ग कसा काढायचा ते आप्पा स्वतः स्टुलाशेजारी उभं राहून सांगत होते.

त्या महिन्यात हातकणंगल्याचं स्थळ आलं आणि मी होकार दिला. मुलगा धड बघितलाही नाही. माणूस चांगला निघाला, ते माझं नशीब.

पाठवणीला आप्पा हमसून हमसून रडले. चार माणसांनी त्यांना धरलं. मी रडले नाही, तर बायका म्हणाल्या, पोरगी दगडाची हाय. गाडी निघताना आप्पा खिडकीशी वाकले, डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "दानू, कारखानं सुरू व्हायच्या आधी चार दीस येऊन जा. टर्बोची कामं लई पडल्यात, प्रभूला जमंनात."

मी आजवर गेलेले नाही.