वासिलिनाच्या ओट्यावर

टेरीनं फोनवर सांगितलेलं एकच वाक्य मला झोनियाला सांगायचं होतं. हा हिवाळा तिनं शेतावरच्या घरात एकटीनं काढायचा नाही, एवढंच. टेरी तिचा मुलगा, कॅल्गरीला असतो. गेल्या फेब्रुवारीत ती कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बर्फावर घसरून पडली आणि बराच वेळ उठू शकली नाही. तेही आम्हाला टपाल टाकणाऱ्या बाईकडून कळलं. आता गावातल्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी होत होती.

"मामा, ती तुझं ऐकेल," टेरी म्हणाला होता.

झोनियानं माझं कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. ती माझी थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. तिथे बोलायचं नसतं, हे मला फार सोयीचं होतं.

चालता चालता बोलणं सोपं जाईल असं वाटलं म्हणून मी तिला त्या उघड्यावरच्या संग्रहालयात घेऊन गेलो. समुद्रापलीकडून इथे शेती करायला आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांची घरं ठिकठिकाणाहून उचलून आणून तिथे एक गाव वसवलंय. माझा हिशेब चुकला. ऑगस्टचं ऊन होतं, वारा धूळ उडवत होता, आणि घरं पूर्वी जशी असत तशीच एकमेकांपासून लांब लांब ठेवलेली. लोहाराचं दुकान झालं, धान्याचं कोठार झालं. प्रत्येक ठिकाणी मी वाक्य मनात जुळवायचो आणि तोंड उघडायच्या आत कुणीतरी आत यायचं. खरं म्हणजे कुणी आलं नाही तरी मी गप्पच बसायचो.

चर्चमध्ये झोनिया मागच्या बाकावर बसली आणि तिनं डोळे मिटले.

"दमलीस का?" मी विचारलं.

"मी कशाला दमू? तू आपला चेहरा बघ. उकडलेल्या कोबीसारखा झालाय." पण उठताना तिनं पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

चर्चच्या पुढे गवताच्या छपराचं एक घर होतं, मातीनं लिंपून चुन्यानं पांढरं केलेलं. भिंतीला लागून मातीचा ओटा होता आणि त्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. इथली कामाला ठेवलेली माणसं त्या काळातलीच असल्यासारखी वागतात. तुम्ही काहीही विचारा, ती आपल्या सालातून बाहेर येत नाहीत. ही एकोणीसशे एकोणीसमधली होती. नाव वासिलिना.

"इथे किती वाजता बंद होतं?" मी विचारलं. मला सुचलं ते एवढंच.

"सूर्य मावळला की," ती म्हणाली. "मावशी, बसा ना. हे तुमचे यजमान का?"

"देवानं तेवढं तरी टाळलं," झोनिया म्हणाली. "भाऊ आहे. ओरेस्ट." आणि ती ओट्यावर टेकली.

मी घरात गेलो. आत गार होतं. पूर्वेच्या भिंतीवर संतांच्या तसबिरी होत्या, त्यांच्यावर भरतकाम केलेले पंचे टाकलेले. मी त्यांच्यासमोर उभा राहून त्या निरखून पाहतोय असं दाखवत राहिलो. छोटी खिडकी उघडी होती आणि ओटा तिच्या खालीच होता.

"रिकाम्या हातानं बसवत नाही मला," झोनिया म्हणत होती. "दे इकडे थोड्या."

शेंगा तडकल्याचा, दाणे पातेल्यात पडल्याचा आवाज येऊ लागला.

"आमचे रेल्वेच्या कामावर गेलेत," वासिलिना म्हणाली. "बर्फ पडायच्या आत यायला हवेत. तुमचे कुठे असतात?"

"माझा नाही येणार आता."

"मग लाकडं कोण फोडतं?"

"मीच."

"पाणी?"

"पाणी नळा..." झोनिया थांबली. "पाणीही मीच आणते." तीही त्या सालात शिरली होती. मला आश्चर्य वाटलं. आमच्या झोनियानं लहानपणीही कधी खोटंखोटं खेळल्याचं मला आठवत नाही.

"एकट्याच?"

"एकटीच."

"दमत असाल."

यावर ती काय म्हणणार ते मला माहीत होतं. मला, टेरीला, डॉक्टरला, सगळ्यांना तिनं 'मी कशाला दमू?' हेच ऐकवलं होतं.

"दमते गं पोरी," झोनिया म्हणाली. "सकाळी बूट घालायला म्हणून चुलीपाशी बसते. एक बूट हातात घेते आणि तशीच बसून राहते. कोंबड्या ओरडत असतात. मला कळतं, त्या भुकेल्यात. तरी हात हलत नाही."

"घरात कुणाला सांगितलंत?"

"मुलाला सांगितलं तर तो संध्याकाळच्या आत दारात गाडी उभी करील. त्याला सांगायची सोय नाही."

"आणि हे भाऊ?"

"त्याला सांगून काय? तो आधी त्यावर एखादं पुस्तक शोधील."

वासिलिना हसली. "निदान लाकडं फोडायला तरी बोलवा."

"तो? कुऱ्हाड कुठून धरायची ते तरी ठाऊक आहे का त्याला?"

दोघीही हसल्या. मीही आत एकटाच हसलो असेन. बाहेर जावं की नाही हे मला ठरवता येईना. तिचं ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. पण मागच्या दारानं निघून जाणं तर आणखी वाईट दिसलं असतं, आणि त्या घराला मागचं दार नव्हतंच.

मी बाहेर आलो, झोनियाच्या बाजूला बसलो आणि टोपलीतून मूठभर शेंगा घेतल्या. टेरीचं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, "झोनिया, या हिवाळ्यात मी तुझ्याकडे राहायला येऊ?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "खिडकीतून ऐकत होतास."

"हो."

"येऊन काय करशील? मला वाचून दाखवशील?"

"चालत असेल तर."

"दोन म्हातारी माणसं, आणि बूट हातात घेऊन दोघंही चुलीपाशी बसलेली. कोंबड्यांना दाणे कोण घालणार मग?"

मी अंगठ्यानं शेंग उकलली, त्यातले दोन दाणे मातीत पडले. वासिलिनानं ते वाकून उचलले, एप्रनला पुसले आणि पातेल्यात टाकले. तिनं आमच्याकडे बघायचं टाळलं. ते तिनं मुद्दाम केलं, एवढं मला कळलं.

"टेरीनं काय सांगायला सांगितलंय?" झोनिया म्हणाली. "सकाळपासून तुझे ओठ हलतायत."

मग मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. खोलीची खिडकी दक्षिणेला आहे आणि जेवणात शनिवारी पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, असतात, हे आधी सांगितलं आणि हिवाळ्याचं शेवटी. ती ऐकत राहिली, हातातलं काम चालूच. टोपली रिकामी झाली. मग मांडीवरची टरफलं तिनं ओंजळीत गोळा केली आणि ती कुठे टाकावीत ते न कळल्यासारखी धरून बसली.

"बटाटे काढून होऊ देत," ती म्हणाली. "जमिनीत ठेवून नाही जाणार मी."

"बरं."

"कोंबड्या टपालवालीला द्यायच्या. टेरीला देशील तर तो विकून टाकील."

"बरं."

"आणि त्याला तूच कळव. मी फोन केला तर त्याला बरं वाटेल, आणि त्याच्या आवाजातलं ते बरं वाटणं मला सोसणार नाही."

"मावशी, यंदा बटाटे चांगले आलेत," वासिलिना हळूच म्हणाली.

"तुझेही येऊ देत, बर्फ पडायच्या आत," झोनिया म्हणाली आणि टरफलं तिच्या टोपलीत टाकली.

तिला उठायला हात हवा होता. मी माझा पुढे केला. नेहमीप्रमाणे ती तो बाजूला सारील असं मला वाटलं, पण तिनं तो धरला आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं. मी जरा झोकांडलो, पण सावरलो. फाटकापर्यंतचा रस्ता लांब होता आणि आम्हा दोघांनाही घाई नव्हती.