जवाईबापूंच्या नावाचा जंतू

पुलगावचे किराणा दुकानदार बंडूजी यांचे जावई गजेंद्रराव तीन वर्षांपासून रुसलेले होते. वास्तुपूजेत दुपट्टा-टोपीचा मान आधी चुलतजावयाला गेला आणि यांना मागून, एवढाच काय तो गुन्हा. तेव्हापासून अल्लीपूरहून ते स्वतः येईनात आणि ज्योत्स्नालाही माहेरी पाठवेनात. लेकीच्या आठवणीत बंडूजी गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून देऊ लागले होते.

अशात, दोन हजार एक साली, त्यांच्या मुलाने नवा जंतू शोधला. स्वप्निल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचा. रत्नागिरीच्या मित्राने काकडीसारखा दिसणारा एक समुद्री प्राणी धाडला होता, त्याच्या आतड्यातून हा जंतू निघाला. पुलगावात समुद्र नाही, म्हणून स्वप्निलने तो दुकानातलं खडेमीठ घालून माडीवर बाटल्यांत जगवला. आता पुण्याच्या प्रयोगशाळेने होकार दिला की झालं. जंतूचं आडनाव कुळावरून ठरतं, नाव मात्र शोधणाऱ्याने ठेवायचं, हे ऐकलं आणि बंडूजींची ट्यूब पेटली.

"जवाईबापूचं नाव देऊन टाक," ते म्हणाले. "असा मान कोन्याच जवायाले भेटला नसंल."

"बाबा, आतड्यातला जंतू हाये तो."

"मंग काय झालं? जवळचाच झाला."

लॅटिनचं शेपूट लागून नाव 'गजेंद्राय' झालं. पुढे नमः तेवढं राहिलं. बातमी अल्लीपूरला पोचली आणि पुढच्याच रविवारी गजेंद्रराव बायकोसह दारात हजर. माडीवर जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते बराच वेळ बसले.

"यातला मी कोनता?"

"सगळेच तुमी," स्वप्निल म्हणाला.

गजेंद्ररावांची छाती फुगली. मग दर रविवारची फेरी ठरली. वर ते जंतूंची तब्येत पाहत, खाली ज्योत्स्ना आईजवळ बसून मन भरेपर्यंत बोले, आणि दुकानात गिऱ्हाइकाला पुन्हा साखर मागितली की साखरच मिळू लागली.

एका शनिवारी पुण्याहून फोन आला. जंतू नवा नव्हताच. जपानात कोणीतरी त्याचं बारसं आधीच उरकलं होतं. स्वप्निलने संतापाच्या भरात सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. बंडूजींना पोराचं वाईट वाटलं, पण खरी धास्ती बसली ती लेकीची. जंतू गेला म्हणजे जावई गेला, आणि जावई गेला म्हणजे ज्योत्स्ना गेली.

रविवारी सकाळी त्यांनी स्वप्निलला हात जोडून काचेवर दह्याचा थेंब लावून घेतला. "दह्यातबी जंतूच रायते ना? मंग?"

गजेंद्ररावांनी डोळा लावला. बंडूजींना घाम फुटला.

"मामाजी, आज जंतू अंगानं भरलेले दिसून राह्यले."

"हवा मानवली पुलगावची."

तेवढ्यात चहा घेऊन ज्योत्स्ना वर आली. तिने सूक्ष्मदर्शकाशेजारची दह्याची वाटी पाहिली, मग बापाचं कपाळ पाहिलं. तिने वाटी पदराआड घेतली आणि खाली निघून गेली.

संध्याकाळी निघताना गजेंद्रराव अंगणात चपला शोधत होते. ज्योत्स्ना पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली,

"बाबा, शनिवारी आठवणीनं दही विरजून ठेवजा. आमी येतो."